असिर्तिको : उन्हातही आंबट राहणारं सांतोरिनीचं द्राक्ष

पिंपातला (धागाकर्ता)

ग्रीक वाइन म्हटलं की निम्म्यांना पाइनच्या डिंकाची रेत्सिना आठवते, उरलेल्यांना काहीच आठवत नाही. असिर्तिकोचा विषय इथे दोनतीनदा निघाला, पण दर वेळी गाडी निळे घुमट आणि सूर्यास्ताकडे वळली. म्हणून हा वेगळा धागा. घुमट राहू द्या, द्राक्षाबद्दल बोलू.

उच्चार अ-सिर्-तिको, जोर 'सिर्'वर. मूळ घर सांतोरिनी, म्हणजे ग्रीकांचं थिरा बेट. या द्राक्षाची खरी गंमत एकच आहे, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. उष्ण प्रदेशात द्राक्ष पिकताना साखर चढते आणि आम्ल उतरतं. २३ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) थांबलात तर बहुतेक पांढऱ्या जातींचा पीएच ३.५ च्या पुढे जातो, रस बुळबुळीत लागतो आणि तळघरात टार्टरिक आम्लाची पोती उघडावी लागतात. असिर्तिको २३ ब्रिक्सलाही पीएच ३.० च्या आसपास टिकून असतो, कधी २.९. एकूण आम्ल लिटरला साडेसहा ते आठ ग्रॅम, अल्कोहोल साडेतेरा-चौदा टक्के. भरपूर पिकलेलं आणि तरीही लिंबासारखं धारदार, हे दोन्ही एका बाटलीत सहसा सापडत नाही.

बेटाची परिस्थिती थोडक्यात. साडेतीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, बेटाचा मधला भाग समुद्रात गेला आणि उरलेल्या चंद्रकोरीवर राख आणि प्युमिस दगडाचे थर बसले. या मातीला तिथे 'आस्पा' म्हणतात. चिकणमाती जवळजवळ नाही, सेंद्रिय कर्ब नावापुरता. पाऊस वर्षाला ३०० ते ४०० मिलिमीटर, तोही हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा ठणठणीत आणि वर उत्तरेकडून येणारा मेल्तेमी वारा. तोडणी ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच सुरू होते.

सांतोरिनी या नावाला १९७१ पासून कायद्याचं संरक्षण आहे. कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये निदान ७५ टक्के असिर्तिको हवं, बाकी अथिरी आणि आइदानी. अथिरी मऊ आणि कमी आंबट, आइदानी फुलांच्या वासाची. हल्ली बरेच उत्पादक शंभर टक्के असिर्तिकोच भरतात.

---

निफाडची काडी

वाचतोय. त्या टोपलीसारख्या वेलींबद्दल सविस्तर लिहा. आमच्याकडे वेल चढवायला मांडव झाला, वाय झाला, पण जमिनीवर वेटोळं करून ठेवलेली वेल म्हणजे केवडा आणि भुरी या बुरशीच्या रोगांना निमंत्रणच. ते लोक छाटणी कुठल्या काडीवर घेतात? वर्षातून किती?

---

पिंपातला

काडी, छाटणी वर्षातून एकच, जानेवारी-फेब्रुवारीत. तिथे वेल हिवाळ्यात झोपते, त्यामुळे आपल्यासारखी एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी असा दुहेरी कारभार नाही.

त्या पद्धतीला 'कुलूरा' म्हणतात. सुरुवातीला रोप उथळ खड्ड्यात लावतात आणि पहिली एक-दोन वर्षं आखूड छाटून खोड जमिनीलगतच जाड होऊ देतात. नंतर मागच्या हंगामातल्या चांगल्या पिकलेल्या काड्या निवडून त्या गोल वळवतात आणि एकमेकींत गुंफतात. पुढच्या वर्षी त्या कड्यावर नव्या काड्यांचा फेरा, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. दहा-पंधरा वर्षांत परडीच तयार होते. फुटवे वरच्या काठावरून बाहेर वाढतात, घड आत पोकळीत लोंबतात. वरून पानांची सावली, बाजूंनी जुन्या लाकडाची भिंत.

सगळा खटाटोप वाऱ्यासाठी आहे. मेल्तेमी नुसता जोरात वाहत नाही, प्युमिसची रेती घेऊन येतो. तारेवर वेल उभी केली तर कोवळे फुटवे मोडतात, मण्यांना रेती घासते आणि फुलोऱ्यात वारा लागला की मणी धरतच नाहीत. दुसरं कारण ऊन. परडीत घड थेट उन्हात नसतो, त्यामुळे मणी भाजत नाही. तिसरं म्हणजे ओल. रात्री समुद्रावरून दमट हवा आणि धुकं येतं, सच्छिद्र प्युमिस ती धरून ठेवतो आणि जमिनीलगतच्या वेलीला तेवढाच आधार मिळतो.

केवड्याची भीती रास्त आहे, पण केवड्याला उन्हाळ्यात पाऊस लागतो आणि तिथे तो नसतो. सकाळी पानावर दव असलं तरी नऊ-दहापर्यंत वारा सगळं वाळवून टाकतो. भुरी येते, तिच्यासाठी गंधकाची धुरळणी करतात. बाकी फवारणी फारच कमी.

गुंफताना काय चुकतं? कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी काडी वळवली की तडकते. बाहेरून दिसत नाही, पण आतून चीर गेलेली असते आणि एप्रिलमध्ये त्या काडीचे पुढचे डोळे फुटत नाहीत. म्हणून हे काम पावसानंतरच्या ओलसर दिवशी करायचं. दुसरी चूक म्हणजे परडीचं तोंड फार मिटवणं. आत हवा खेळत नाही आणि तोडणीच्या वेळी हात जात नाही.

आणि मुख्य गोष्ट, परडी कायमची नसते. प्रत्येक फेऱ्यानं मुळापासून फुटव्यापर्यंतचं अंतर वाढत जातं. सत्तर-ऐंशी वर्षांनी रस इतक्या लांबच्या गुंडाळलेल्या लाकडातून जातो की उत्पादन घसरतं. मग परडीच जमिनीलगत कापून टाकतात. खाली बुंध्यावर निजलेले डोळे असतात, त्यांतून नवा फुटवा येतो आणि त्यावर पुन्हा पहिल्यापासून परडी. मूळ तेच, डोकं नवं. असं चार-पाचदा झालेली मुळं बेटावर आहेत असं तिथले लोक सांगतात. हिशेब केला तर तीन-चारशे वर्षं होतात.

---

निफाडची काडी

म्हणजे कलम नाहीच? स्वमुळावर? आमच्याकडे पाणी खारं आणि कमी, म्हणून डॉगरिजच्या खुंटावर कलम केल्यावाचून पान हलत नाही.

---

पिंपातला

नाही, स्वमुळावरच. युरोपात १९व्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं बागा उद्ध्वस्त केल्या आणि तेव्हापासून अमेरिकन खुंटावर कलम करणं आलं. सांतोरिनीत ही कीड टिकत नाही. तिला एका मुळावरून दुसऱ्यावर जायला चिकणमातीतल्या भेगा लागतात. राखेच्या भुसभुशीत मातीत भेग पडतच नाही, रेती लगेच ढासळून ती बुजवते.

म्हणून वेल मेली तर रोपवाटिकेत जायची गरज नाही. शेजारच्या वेलीची लांब काडी न कापता जमिनीत पुरायची आणि टोक रिकाम्या जागी वर काढायचं. मुळं धरली की दोनतीन वर्षांनी आईपासून तोडायची. आपली दाब कलमच ती. तिथे 'काताव्होलादा' म्हणतात.

आता तुमचा हिशेब. हेक्टरी साधारण दोन-अडीच हजार वेली, म्हणजे एकरी आठशे ते हजार. नाशिकच्या नऊ बाय पाच फुटांच्या बागेत एकरी ९६८ बसतात, म्हणजे संख्या जवळपास तीच. फरक उत्पादनाचा आहे. आपल्याकडे खायच्या द्राक्षाचं एकरी दहा टन म्हणजे बरं पीक. तिथे साधारण वर्षी हेक्टरी अडीच-तीन टन. वेलीमागे किलो-सव्वा किलो. आणि अलीकडच्या कोरड्या वर्षांत त्याहून खूपच खाली गेलंय.

---

अर्धा पेला

आणि म्हणूनच ती 'ज्वालामुखीची चव'. पहिल्याच घोटाला खारट, ओल्या दगडासारखी, थोडी बारुदासारखी. मातीच जिभेवर येते. असिर्तिकोइतकी खनिज वाइन दुसरी नसेल.

---

रसायनवाला

अर्धा पेला, चवीचं वर्णन अगदी बरोबर, कारण मात्र चूक. वेल दगड पीत नाही. मुळं आयन घेतात, आणि जमिनीतली खनिजं वाइनमध्ये ज्या प्रमाणात येतात त्याला जीभ सहसा ओळखत नाही. प्युमिसला स्वतःची चव नाही, चाटून बघा.

माती काम करते, पण आडवाटेनं. आस्पात पोटॅशियम कमी आहे. मण्यात पोटॅशियम जास्त गेलं की ते टार्टरिक आम्लातल्या हायड्रोजनची जागा घेतं, पोटॅशियम बायटार्टरेट बनतं आणि पीएच वर सरकतो. बागेला पोटॅश जास्त झालं की वाइनचा पीएच बिघडतो तो याच मार्गानं. सांतोरिनीत ते होत नाही, म्हणून टार्टरिक मोकळं राहतं. शिवाय गरम हवेत मॅलिक आम्ल मण्यातच जळून जातं, पण टार्टरिक तितकं जळत नाही. असिर्तिकोच्या आम्लात टार्टरिकचाच मोठा वाटा, म्हणून ते उन्हाला पुरून उरतं.

बारुदाच्या वासाचं मूळ तर आणखी साधं आहे. माती निकृष्ट, नायट्रोजन नाही, म्हणून रसात यीस्टला खायला नायट्रोजन कमी. उपाशी यीस्ट गंधकाची संयुगं सोडतं. थोडी असली तर काडेपेटीचा वास आणि लोक त्याला ज्वालामुखी म्हणतात. जास्त झाली तर कुजकी अंडी, तेव्हा मात्र ज्वालामुखी कोणी म्हणत नाही.

---

अर्धा पेला

मान्य, पण मग मुख्य भूमीवरच्या असिर्तिकोला ती चव का नसते? जात तीच आहे.

---

रसायनवाला

जात तीच, म्हणून आंबटपणा तिथेही इतर जातींपेक्षा जास्तच असतो. पण चिकणमाती, जास्त पोटॅशियम, तारेवरची तरणी वेल आणि तिप्पट-चौपट उत्पादन. पीएच थोडा वर, रस पातळ, फळाचा वास पुढे. थोडक्यात, आम्ल टिकवण्याचा गुण जातीचा, त्याला टोक आणतं बेट. 'दगडाची चव' हा शब्द तुम्ही खुशाल वापरा, माझा आक्षेप फक्त दगड विरघळून येतो या समजुतीला आहे.

---

घरचा_आंबवणारा

पीएच २.९-३.० चा रस टाकीत सांभाळायचा म्हणजे नक्की काय वेगळं करायचं? सल्फर कमी लागतो एवढंच ऐकून आहे.

---

रसायनवाला

तिथूनच सुरू करू, कारण आकडे बोलके आहेत. मोकळ्या सल्फर डायऑक्साइडपैकी जो रेणुरूपात असतो तोच जंतूंना मारतो, आणि त्याचं प्रमाण पीएचवर ठरतं. सूत्र : १ भागिले (१ + १० चा (पीएच वजा १.८१) वा घात). पीएच ३.५ ला मोकळ्यापैकी २ टक्के कामाचा, ३.० ला ६ टक्के. पांढऱ्या वाइनला रेणुरूप ०.८ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवा असं धरलं, तर पीएच ३.५ ला मोकळा ४० मिलिग्रॅम ठेवावा लागतो, ३.० ला फक्त १३. पण इथेच लोक फसतात. १३ मिलिग्रॅम जंतूंना पुरतो, ऑक्सिजनला नाही. असिर्तिकोचा रस लवकर तपकिरी पडणारा आहे, त्यामुळे बाटलीत भरताना मोकळा २५-३० ठेवणंच शहाणपणाचं.

आता क्रमानं. तोडणी पहाटे, लहान क्रेटमध्ये, म्हणजे खालचे मणी फुटत नाहीत. आल्याबरोबर १० अंशांपर्यंत थंड करायचं. मग एकतर अख्खे घड प्रेसमध्ये, नाहीतर देठ काढून सालीसकट चार ते बारा तास थंड ठेवायचं. सालीत फिनॉल बऱ्यापैकी असतात, बारा तासांच्या पुढे गेलात किंवा तापमान १५ च्या वर गेलं तर शेवटी जिभेवर कडू, तुरट पकड येते आणि ती नंतर निघत नाही. आधी आपसूक गळणारा रस आणि हलक्या दाबाचा रस एकत्र, जोरात दाबलेला वेगळ्या टाकीत. त्याचा पीएच वर असतो आणि रंगही लवकर चढतो.

चोवीस ते अठ्ठेचाळीस तास १०-१२ अंशांवर निवळू द्यायचं. रस काचेसारखा स्वच्छ करू नका, यीस्टला तेवढाच आधार जातो. आता नायट्रोजन मोजायचा. यीस्टला वापरता येणारा नायट्रोजन लिटरला १५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर किण्वन रखडण्याची आणि अंड्याच्या वासाची शक्यता. डायअमोनियम फॉस्फेट लिटरला १०० मिलिग्रॅम घातलं की नायट्रोजन २१ नं वाढतो. कमतरता ६० ची असेल तर सुमारे ३०० मिलिग्रॅम, दोन हप्त्यांत : पहिला किण्वन सुरू झाल्यावर, दुसरा एक तृतीयांश साखर संपल्यावर. अर्ध्याच्या पुढे घालू नका, अल्कोहोल वाढल्यावर यीस्ट अमोनिया आत घेत नाही, तो वाइनमध्ये राहतो आणि पुढे नको त्या जंतूंच्या कामी येतो.

तापमान १५ ते १८, दोन-तीन आठवडे. त्यानंतर बारीक गाळावर चार-सहा महिने, अधूनमधून ढवळून. इतक्या आंबट वाइनला अंगात थोडं मांस यायला हा गाळच उपयोगी पडतो. मॅलोलॅक्टिक किण्वनाचा (जिवाणूंनी मॅलिकचं मवाळ लॅक्टिक आम्ल करण्याचा) प्रश्नच येत नाही. एकतर मॅलिक नाहीच फारसं, आणि ३.१ च्या खाली ते जिवाणू सहज काम करत नाहीत.

अंड्याचा वास राहिलाच तर आधी एक उघडी रॅकिंग, म्हणजे हवा लागू देत वाइन गाळावरून दुसऱ्या टाकीत. तरीही राहिला तर कॉपर सल्फेट, पण अगदी थेंबानं, आधी शंभर मिलिवर चाचणी घेऊन. युरोपात तयार वाइनमध्ये तांब्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे.

---

मधुमालती

बाटलीच्या तळाशी आणि बुचाला चकाकणारे खडे दिसले की लोक काचेचे तुकडे समजून बाटली ओतून देतात. असिर्तिकोत हे जास्त होतं का?

---

रसायनवाला

ओतू नका. तेच बायटार्टरेट, ग्रीकच काय, कुठल्याही द्राक्षाचं. बोटांत चुरडलं तर चुरा होतो, जिभेवर आंबट लागतं. काच तसं करत नाही. (दाताखाली नको, बोटातच बघा.) उभी ठेवून वरचं निवळ ओतून घ्यायचं, बास.

टार्टरिक भरपूर असूनही असिर्तिकोत खडे अपेक्षेपेक्षा कमी पडतात, कारण खड्याला पोटॅशियमही लागतं आणि तेच कमी आहे. वाइनरीत उणे ४ अंशांवर आठवडा-दोन आठवडे ठेवून खडे आधीच पाडतात. त्यात एक मजा आहे : पीएच साधारण ३.६५ च्या खाली असेल तर खडे पडल्यावर एकूण आम्ल घटतं, पण पीएचसुद्धा खाली जातो. म्हणजे आंबट वाइन कागदावर कमी आंबट आणि मीटरवर जास्त आंबट होते. पुष्कळ जण हा आकडा बघून मीटर बिघडला असं समजतात.

---

मधुमालती

धन्यवाद. आता गोडाकडे या. सांतोरिनीची गोड वाइन विनसांतो म्हणजे इटलीच्या विन सांतोची नक्कल ना?

---

पिंपातला

उलट म्हणा. सांतोरिनीत हा शब्द एकत्र लिहितात आणि तो बेटाच्या नावावरून येतो : विनो म्हणजे वाइन, सांतो म्हणजे सांतोरिनी. बेटाला ते नाव सान्ता इरिनीवरून मिळालं, तसं म्हणणारे व्हेनिसचे व्यापारी. इटलीतलं विन सांतो हे त्रेब्बियानो-माल्वासिया अशा द्राक्षांचं, घराच्या माळ्यावर सावलीत महिनोन् महिने वाळवून केलेलं. सांतोरिनीत वाळवण उघड्या उन्हात, फार तर दोन आठवडे.

पद्धत अशी. घड नेहमीपेक्षा उशिरा, जास्त पिकल्यावर तोडतात. गच्चीवर किंवा बागेच्या मोकळ्या कडेला एकेरी थरात पसरतात आणि अधूनमधून उलटतात. थर जाड झाला तर खालचे मणी घाम धरतात आणि बुरशी लागते. ढगाळ हवा असेल तर रात्री झाकतात. असिर्तिको निदान ५१ टक्के, बाकी मुख्यतः आइदानी आणि अथिरी. आइदानी वासासाठी.

दाबल्यावर रसात साखर लिटरला ४०० ग्रॅमच्या आसपास जाते. साधारण १७ ग्रॅम साखरेचं १ टक्का अल्कोहोल होतं. म्हणजे यीस्ट १० टक्क्यांवर थकलं तर १७० ग्रॅम खर्ची पडले, २३० उरले. यीस्ट थांबतं ते यामुळेच : इतक्या साखरेत त्याच्याच अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. ते आठवड्यांऐवजी महिने लावतं आणि ताणाखाली व्हिनेगरचं आम्लही जास्त करतं. म्हणून चांगल्या विनसांतोतही वाळलेल्या अंजिराबरोबर किंचित व्हिनेगरची झाक असते. झाक चालते, नाकात झोंबली तर बाटली बिघडली.

मग ओकच्या पिंपात निदान दोन वर्षं. पिंपं जुनी, पूर्ण न भरलेली, त्यामुळे हवा लागते आणि रंग चहापासून काकवीपर्यंत जातो. लेबलवर द्राक्षाचं वर्ष नसून वय लिहिलं असेल तर ते चारच्या पटीत असतं : ४, ८, १२, १६, २०. आणि आता असिर्तिकोचं मर्म : २३० ग्रॅम साखर म्हणजे पाक. तो पाक न वाटता प्यावासा वाटतो तो नऊ-दहा ग्रॅम आम्लामुळे. वाळवताना साखरेबरोबर आम्लही दाट होतं ना. दुसरी एखादी मवाळ जात अशी वाळवली तर गुलाबजामचा पाक होईल.

एकेकाळी हीच वाइन रशियाला जायची, ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रसादासाठी.

---

आगाऊ प्रवासी

लेबल वाचण्यापुरतं लिहितो, कारण दुकानात घोळ होतो. 'असिर्तिको' लिहिलंय पण 'सांतोरिनी' नाही, तर ती बेटाबाहेरची. वाईट नव्हे, पण सांतोरिनीची किंमत देऊ नका. 'किक्लादेस' लिहिलं असेल तर आजूबाजूच्या बेटांसकट मोठा प्रदेश. 'निक्तेरी' दिसलं तर सांतोरिनीचीच, पण भारदस्त : निक्ता म्हणजे रात्र, पूर्वी दिवसाच्या उष्म्यात रस खराब होऊ नये म्हणून द्राक्षं रात्रीत दाबायचे. आजचा नियम निदान साडेतेरा टक्के अल्कोहोल आणि तीन महिने ओक.

परत येताना भारतात माणशी २ लिटर दारू शुल्काशिवाय चालते. ७५० मिलीच्या दोन कोरड्या आणि ५०० मिलीची एक विनसांतो, बरोबर दोन लिटर.

---

खवय्या_कोळंबी

आणि प्यायची कशी? फ्रीजमधून थेट?

---

आगाऊ प्रवासी

फ्रीजचे ४ अंश म्हणजे नुसता आंबट बर्फ. १०-१२ अंशांवर प्या, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं आधी बाहेर. अरुंद पेल्याऐवजी जरा पोटाचा पेला. कोवळ्या बाटलीला काडेपेटीचा वास असेल तर जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवा, जातो. चांगली सांतोरिनी पाच ते दहा वर्षं आरामात टिकते आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतरच उलगडते. उघडल्यावर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, विनसांतो काही आठवडे.

खाण्याबरोबर : तळलेली सुरमई किंवा बोंबील आणि वर लिंबू, अगदी फिट. वाइनपेक्षा पदार्थ आंबट झाला की वाइन पाणचट लागते, असिर्तिकोला तो धोका कमी. पण तिखटजाळ रश्श्याबरोबर नको, चौदा टक्के अल्कोहोल तिखटाला आणखी पेटवतं. बेटावर तिच्याबरोबर टोमॅटोची भजी आणि 'फावा' खातात.

---

निफाडची काडी

फावा म्हणजे बाकला ना?

---

आगाऊ प्रवासी

नाव फसवं आहे. सांतोरिनीचा फावा बाकला नाही, लॅथिरस जातकुळीतली पिवळी डाळ आहे. आपल्या विदर्भातल्या लाखोळीची चुलत बहीण. शिजवून घोटतात, वर कांदा, केपर आणि ऑलिव्हचं तेल. वेलींच्याच त्या राखेत पावसावर येते.

---

अर्धा पेला

रेत्सिनाचं राहिलं. ती सहसा सावातियानोची असते ना? अथेन्सभोवतीच्या अत्तिकातलं सौम्य द्राक्ष, वर आलेप्पो पाइनचा डिंक.

---

पिंपातला

हो, सावातियानोच मुख्य, कारण त्याची स्वतःची चव दबती. पण थेस्सालोनिकीच्या केख्रिस वाइनरीची 'पाइनचा अश्रू' या नावाची रेत्सिना शंभर टक्के असिर्तिकोची आहे, ओकमध्ये आंबवलेली, डिंक अगदी बेतानं. रेत्सिनाला नाकं मुरडणाऱ्यांनी तीच आधी घ्यावी. आम्लामुळे डिंकाचा तेलकटपणा कापला जातो.

मुख्य भूमीवर कावालाजवळ बिब्लिया खोरा असिर्तिकोत सोविन्यों ब्लां मिसळते, तीही चांगली. ग्रीसबाहेर ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीत जिम बॅरीनं लावलं, २०१६ ची पहिली विक्रीची वाइन. तिथली चवीला लिंबाच्या सालीसारखी, खारटपणा कमी.

---

निफाडची काडी

शेवटचा प्रश्न, आणि हसू नका. नाशकात लावलं तर?

---

रसायनवाला

हसत नाही. उष्ण हवेत आम्ल राखणारी जात हे आपल्याला हवंच आहे, शेनिन आणि सोविन्यों या पांढऱ्या जातींमध्ये टार्टरिक ओतूनच काम चालतं. पण तीन गोष्टी बघा. परडी विसरा, पावसाळ्यात केवडा तिला आठवड्यात संपवेल, तारेवरच लावावी लागेल. आपल्या काळ्या मातीत पोटॅशियम भरपूर, त्यामुळे ३.० ची अपेक्षा नको, ३.३ मिळाला तरी जिंकलात. आणि पोटॅशचा डोस टेबल द्राक्षासारखा दिलात तर तेही जाईल, देठ परीक्षण केल्याशिवाय देऊ नका. काड्या सामानात लपवून आणू नका, विषाणू येतात. रीतसर आयात आणि विलगीकरण करूनच, आधी मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात विचारा.

---

निफाडची काडी

डॉगरिज स्वतःच पोटॅशियम जोरात उचलतो असं ऐकलंय. मग खुंट कुठला घ्यायचा?

---

रसायनवाला

बरोबर पकडलंत, डॉगरिजचा हाच त्रास. त्याच्यापेक्षा पोटॅशियम कमी उचलणारा ११० आर किंवा १४० रग्गेरी खुंट घेऊन दोन-चार ओळींत करून बघा, दोन्ही कोरडवाहूला चालतात. तुलनेसाठी एक ओळ डॉगरिजवर ठेवा आणि तोडणीच्या आधीच्या तीन आठवड्यांत दर चार दिवसांनी दोन्हीकडच्या मण्यांचा पीएच आणि ब्रिक्स लिहून काढा. ब्रिक्स सारखा असताना पीएचमध्ये ०.२ चा फरक दिसला, तर तो खुंटाचा.